ईमेलचे वेबपान करताना मराठी अक्षरे का फुटतात?

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मदतकार्यासाठी आमच्या गटात गेलेली-आलेली सगळी ईमेल एका एमबॉक्स फाइलमध्ये (सगळी पत्रे एकामागे एक साठवणारी एकच फाइल) जपून ठेवली आहेत. प्रत्येक ईमेलचे एक वेबपान करायचे आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत फाइल ओळीओळीने वाचणारा प्रोग्रॅम लिहिला. पण विषयाच्या जागी बरोबरची चिन्हे आणि रोमन अक्षरांची रांग दिसते, मजकुरात मधूनच चौकटीतले प्रश्नचिन्ह येते आणि काही पत्रांचे दोन तुकडे झालेत.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तिन्ही दुखण्यांचे मूळ ओळीओळीने वाचण्यातच आहे. ईमेल हा सरळ मजकूर नसतो. आत मराठी अक्षरे, ती युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) बाइटमध्ये बांधलेली, ते बाइट पुन्हा साध्या रोमन चिन्हांत गुंडाळलेले आणि हे सगळे भागाभागांत रचलेले असते. बांधले त्याच्या उलट क्रमाने सोडवायचे : आधी भाग वेगळे, मग गुंडाळी, मग अक्षरसंच (कोणते बाइट म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता) आणि सगळ्यात शेवटी एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा.

चौकटीतल्या प्रश्नचिन्हाचे कारण पाहा. गुंडाळण्याच्या 'कोटेड-प्रिंटेबल' पद्धतीत 'क' हे तीन बाइटचे अक्षर =ई०=ए४=९५ असे, म्हणजे ९ चिन्हांत लिहिले जाते. ओळीची मर्यादा ७६ चिन्हांची, त्यामुळे एका ओळीत जेमतेम ८ अक्षरचिन्हे मावतात. नववे अर्धे या ओळीत, अर्धे पुढच्या ओळीत जाऊ शकते. तुम्ही प्रत्येक ओळ वेगळी उलगडता, म्हणून ते अक्षर दोन्हीकडे अपुरे पडते. आधी सगळ्या ओळींचे बाइट जोडा, अक्षरे त्यानंतर करा.

विषयाचेही तसेच. तिथे एका गुंडाळलेल्या तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा असते. गुंडाळण्याच्या 'बेस६४' या दुसऱ्या पद्धतीत त्यात ४५ बाइट, म्हणजे मराठीची १५ अक्षरचिन्हे बसतात (काना-मात्राही मोजायच्या). म्हणून 'शिरोळ तालुक्यासाठी पाण्याच्या बाटल्या' एवढा विषयही तुकड्यांत येतो. लागोपाठच्या दोन तुकड्यांमधली मोकळी जागा गाळायची असते. ती राहिली तर शब्द मधोमध तुटतो.

हे हाताने करू नका. पायथनच्या ईमेल आणि मेलबॉक्स या मॉड्यूलांत (तयार साधनांच्या संचांत) सगळी सोय आहे. फक्त मेलबॉक्स मॉड्यूल आपण होऊन जुन्या पद्धतीचे संदेश देते आणि त्यांना 'गेट_बॉडी' (पत्राचा मजकूर काढून देणारी सूचना) ठाऊक नसते. त्यासाठी एमबॉक्स उघडतानाच 'फॅक्टरी' (संदेश बनवणारे फंक्शन) म्हणून 'मेसेज_फ्रॉम_बायनरी_फाइल' द्या आणि त्याला 'पॉलिसी.डिफॉल्ट' (नव्या पद्धतीचे नियम) जोडा. नावात 'बायनरी' आहे ते महत्त्वाचे. फाइल मजकूर म्हणून उघडली की नुकसान तिथेच होते.

एवढे करूनही काही पत्रांत एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन प्रश्नचिन्हे दिसली, तर त्या पत्रात अक्षरसंचाचे नावच नाही आणि पायथनने तो आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचा जुना संच) धरला असे समजा. 'गेट_पेलोड' या सूचनेला 'डीकोड' खरे (ट्रू) देऊन कोरे बाइट घ्या आणि आधी यूटीएफ-८ (युनिकोड बाइटमध्ये लिहिण्याची नेहमीची रीत) कडकपणे, म्हणजे एकही चूक न चालवता, लावून पाहा. नाहीच जमले तर विंडोज-१२५२ हा जुना रोमन अक्षरसंच. उलट, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यामागे ¤ हे चिन्ह पुन्हा पुन्हा येत असेल, तर यूटीएफ-८ चे बाइट चुकीच्या अक्षरसंचाने वाचले गेलेत.

आता तुकडे झालेल्या पत्रांविषयी. एमबॉक्समध्ये नवे पत्र रोमन 'फ्रॉम' आणि एक मोकळी जागा यांनी सुरू होते. कुणी इंग्रजीत 'फ्रॉम शिरोळ…' असे ओळीच्या सुरुवातीला लिहिले आणि मेल साठवणाऱ्या प्रोग्रॅमने त्याआधी > लावले नाही, तर पत्र तिथेच दुभंगते. मेलबॉक्स मॉड्यूलही इथे फसते. आधीची ओळ रिकामी आहे का आणि 'फ्रॉम'च्या ओळीत शेवटी तारीख-वेळ आहे का, हे तपासून खोट्या ओळींना > लावून घ्या.

वेबपान लिहिताना फाइल उघडतानाच यूटीएफ-८ सांगा; विंडोजवर न सांगितल्यास 'चारमॅप'ची (अक्षर लिहिता न आल्याची) चूक येऊन प्रोग्रॅम थांबण्याची शक्यता मोठी. पानातली अक्षरसंचाची मेटा ओळ पहिल्या १०२४ बाइटच्या आत हवी.

प्रश्न : व्यापाऱ्यांकडून गुळाचे दर साध्या मजकुराच्या ईमेलने येतात. त्यांचे एचटीएमएल केले की सगळ्या ओळी एकत्र होतात आणि उत्तरांमधले पाठवणाऱ्याचे पत्ते गायब होतात.
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : पत्ते < आणि > यांच्यामध्ये असतात, म्हणून ब्राउझर त्यांना टॅग, म्हणजे एचटीएमएलची सूचना, समजतो. आधी & आणि मग < व > यांच्या जागी एचटीएमएलच्या खुणा घाला. & शेवटी बदलला, तर नुकत्याच घातलेल्या खुणांमधला & पुन्हा बदलतो आणि त्या खुणाच पानावर दिसू लागतात. 'एचटीएमएल.एस्केप' हा क्रम बरोबर पाळते. मात्र जुन्या पत्राच्या उताऱ्याआधी येणारी > चिन्हे या बदलाच्या आधी मोजून घ्या. जितकी चिन्हे, तितके एकात एक ब्लॉककोट (उताऱ्याचे टॅग).

ओळींसाठी सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) व्हाइट-स्पेसला 'प्री-रॅप' द्या. पत्राच्या शीर्षात (वरच्या तांत्रिक ओळींत) 'फॉरमॅट=फ्लोड' असेल, तर शेवटी मोकळी जागा असलेली ओळ पुढच्या ओळीला जोडायची. महत्त्वाचा अपवाद : दोन आडव्या रेघा आणि मोकळी जागा एवढीच ओळ. ती सहीची खूण आहे.

दरांचे रकाने मात्र प्री-रॅपने जुळणार नाहीत. जोडाक्षरांमुळे देवनागरीत अक्षरांची रुंदी सारखी राहत नाही, मग मोकळ्या जागा मोजून काय उपयोग? दोन किंवा अधिक मोकळ्या जागांवर ओळ तोडून सरळ टेबल करावे, हेच आमचे मत. तोडण्यासाठी पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधले (मजकुरातले नमुने शोधण्याच्या भाषेतले) 'शब्दाचे अक्षर' हे चिन्ह (\w) वापरू नका. ते काना, मात्रा, वेलांटीला अक्षर मानत नाही, त्यामुळे 'गूळ' दीर्घ उकारापाशी तुटतो. तसेच साफसफाई म्हणून न दिसणारी चिन्हे सरसकट उडवू नका. 'दुसर्‍या'मधला अर्धा र अनेकदा तशाच एका चिन्हावर टिकून असतो.

प्रश्न : ग्राहकांच्या ईमेलमध्ये कास्टिंगची (ओतीव भागांची) छायाचित्रे मजकुरातच असतात. वेबपानात त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात, कधी दुसऱ्याच पत्रातले चित्र येते.
— एक वाचक, शिरोली एमआयडीसी

उत्तर : चित्राचा पत्ता 'सीआयडी' ने सुरू होतो आणि त्याच पत्रातल्या एका भागाच्या 'कंटेंट-आयडी'कडे बोट दाखवतो. त्या आयडीभोवतीचे < > काढून जुळवा, चित्र फाइलमध्ये लिहा आणि पत्ता बदला. फाइलला पत्रातले नाव देऊ नका, पत्राचा क्रमांक आणि भागाचा क्रमांक जोडून नाव द्या. अनेक पत्रांत चित्राचे नाव तेच ते असते, म्हणून आधीचे चित्र पुसले जाते. शिवाय नावात ../ घालून कुणी फाइल भलत्या फोल्डरमध्ये पाडू शकतो.

पत्ते बदलून झाल्यावर एनएच३ सारख्या पायथनच्या तयार लायब्ररीने एचटीएमएल स्वच्छ करा, म्हणजे त्यातले धोकादायक टॅग काढा. आधी स्वच्छ केले, तर सीआयडीचा पत्ता अनोळखी म्हणून उडू शकतो. स्क्रिप्ट टॅग स्वतःच शोधून काढण्याचा खटाटोप नको, त्यातून पळवाटा राहतात. बाहेरच्या सर्व्हरवरून येणारी चित्रेही काढा. पान कोणी कधी उघडले ते एका पिक्सेलच्या चित्रावरूनही पाठवणाऱ्याला कळते.

प्रश्न : जुनी मराठी ईमेल निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतात. कोणता अक्षरसंच लावावा?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कोणताही लावून उपयोग नाही. ती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप झालेली दिसतात. रोमन अक्षराच्या जागी मराठी आकार फक्त तो फॉन्टच दाखवत असे. ईमेलच्या एचटीएमएल भागात फॉन्ट टॅगच्या 'फेस'मध्ये त्याचे नाव बहुधा सापडते. त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा आणि तो फक्त त्या टॅगमधल्या मजकुरावर चालवा, नाहीतर पत्रातले खरे इंग्रजी शब्दही मराठी होऊन बसतील. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार नीट तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे.