वर्णद्वेषावरच्या जुन्या काळातील कादंबऱ्या आजच्या मुलांनी का वाचाव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत सातवीत शिकणाऱ्या आपल्या मुलीला शाळेने मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ ही कादंबरी वाचायला सांगितली आहे, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातला, कधीच होऊन गेलेला १९३३ सालचा वर्णद्वेष मनावर ताण देऊन इतक्या कोवळ्या वयात कशासाठी, आणि आपल्या मराठी घराचा त्याच्याशी काय संबंध? मी ही कादंबरी पस्तिशी उलटल्यावर प्रथम वाचली आणि पुढे भाचीबरोबर पुन्हा वाचली, त्या आधारावर लिहितो.

१९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळालेल्या या कादंबरीत जमावाची हिंसाही आहे आणि आगही आहे. परंतु मला विचाराल तर तिचा जीव पहिल्या प्रकरणातल्या एका तक्त्यात आहे. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) पाठवलेली पुस्तके वाटली जातात. कपड्यांवर धुळीचा कणही न खपणारा सहा वर्षांचा लिटल मॅन आपले मळके पुस्तक पाहून दुसरे मागतो, ते मिळत नाही, आणि मग त्याची नजर आतल्या पानावरच्या तक्त्यावर जाते. पुस्तक कधी दिले, त्याची अवस्था कशी, घेणारा विद्यार्थी कोणत्या वंशाचा, अशा त्यात नोंदी आहेत. १९२२ पासून अकरा वेळा ते गोऱ्या मुलांना दिलेले आहे. बाराव्या ओळीत अवस्थेपुढे ‘अत्यंत खराब’ आणि वंशापुढे कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द. खाली विसाव्या ओळीपर्यंतच्या जागा कोऱ्या आहेत. तो पोरगा पुस्तक आपटून त्यावर थयथया नाचतो आणि मार खातो. बहीण कॅसी बाईंना तो शब्द दाखवते, तेव्हा स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या त्या बाई थंडपणे सांगतात की तुम्ही तेच आहात. माझी भाची त्या कोऱ्या ओळींपाशी थांबली होती. मी मात्र पहिल्या वाचनात त्या ओलांडून पुढे गेलो होतो.

लिटल मॅन आणि कॅसी यांची आई त्याच शाळेत शिक्षिका आहे. ती गाजावाजा न करता पुस्तकांतल्या त्या तक्त्यांवर कागद चिकटवून टाकते. आणि पुढे वर्गात पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन गुलामगिरीविषयी शिकवते, म्हणून तिची नोकरी जाते. हे सगळे होऊन गेले, असे आपण म्हणता. पण ओक्लाहोमा राज्याने ७ मे २०२१ रोजी एक कायदा केला, ज्यानुसार आपल्या वंशामुळे अपराधी किंवा अस्वस्थ वाटले पाहिजे, अशी शिकवण शाळेत देता येत नाही. त्याच राज्यातल्या टल्सा शहरात १९२१ मध्ये ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली गेली होती आणि त्या घटनेची शताब्दी जेमतेम तीन आठवड्यांवर आली होती. कायद्याचा काही भाग पुढे न्यायालयाने रोखला, तरी तोवर शिक्षकांनी सावधपणे गप्प राहणे पसंत केले असेल तर मला नवल वाटणार नाही. गरीब शाळांच्या वाट्याला कमी येण्याचेही तसेच: अमेरिकेत शाळांचा पैसा मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि श्रीमंत व गरीब वस्त्यांतील शाळांमध्ये त्यामुळे पडणारा फरक घटनाविरोधी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला आहे.

मुलांच्या मनावर ताण येतो, ही आपली शंका मी झटकून टाकणार नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्बँकच्या शाळांनी हीच कादंबरी, इतर काही पुस्तकांबरोबर, सक्तीच्या वाचनातून काढली, आणि तक्रार काही कृष्णवर्णीय पालकांचीही होती: वर्गात हे शब्द मोठ्याने वाचले जातात तेव्हा ते सोसावे लागतात त्यांच्याच मुलांना. आपली मुलगी त्या जागी नाही, हेही तिला कळायला हवे, म्हणून शिक्षिकेला ‘ते शब्द तुम्ही वर्गात कसे हाताळता?’ एवढे अवश्य विचारावे.

राहिला मराठी घराचा प्रश्न. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना, हे आपल्याला ठाऊक असेलच. पण याहून जवळची गोष्ट आपल्या पासपोर्टात आहे. १९४६ नंतर भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी वर्षाला केवळ शंभर जणांचा कोटा होता; तो मोडला १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा संमत झाला तो नागरी हक्क चळवळीने देशातली हवा बदलली तेव्हा. कॅसीच्या पिढीने आणि तिच्या मुलाबाळांनी जे सोसले आणि जे लढे दिले, त्यातून उघडलेल्या दारानेच आपल्यासारखी कुटुंबे आत आली.

पहिले प्रकरण आपण स्वतः मुलीबरोबर वाचा. तक्ता आला की पान लगेच उलटू नका; पुस्तकांवर कागद चिकटवणारी आई बरोबर वागली की तो शब्द मुलांना दिसू द्यायला हवा होता, हे मुलीला विचारा. माझ्या भाचीचे आणि माझे त्यावर अजून एकमत झालेले नाही.