एच-1बीची नोकरी गेली: साठ दिवस की बेचाळीस?

प्रश्न: मी मूळचा पुण्याचा, सध्या जर्सी सिटीत राहतो. 2017 पासून एच-1बीवर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर आहे. 6 फेब्रुवारी 2026 ला कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. दहा आठवड्यांचा पगार एकरकमी मिळणार आहे. आय-797 वर (एच-1बीच्या मंजुरीच्या कागदावर) 30 सप्टेंबर 2027 ही तारीख आहे आणि पासपोर्टातला व्हिसाचा शिक्काही तोपर्यंत चालतो. जून 2025 मध्ये वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी एकटाच भारतात जाऊन आलो. परतताना नेवार्कला मिळालेला आय-94 (मुक्कामाच्या मुदतीची नोंद) मात्र 20 मार्च 2026 पर्यंतचाच आहे, कारण त्या दिवशी माझा पासपोर्ट संपतो. ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-140 हा अर्ज 2020 मध्ये मंजूर झाला. पत्नी एच-4 वर (एच-1बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे, नोकरी करत नाही. सात वर्षांची मुलगी इथेच जन्मली. साठ दिवस एकरकमी पगाराचे आठवडे संपल्यावर, म्हणजे एप्रिलपासून मोजायचे ना? मुलगी अमेरिकन नागरिक आहे, त्याची काही सवलत मिळते का? एक कन्सल्टन्सी दरमहा पैसे घेऊन ‘पेरोल चालू ठेवतो’ म्हणते. ते करावे का?

उत्तर: तुमच्याकडे साठ दिवस नाहीत. बेचाळीस आहेत, आणि त्यांतले काही हे पत्र पोहोचेपर्यंत संपलेही असतील. आधी हा हिशेब नीट समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून आहे.

नोकरी संपल्यावर मिळणारी सवलतीची मुदत जानेवारी 2017 पासून नियमात आहे. तिचे शब्द असे आहेत: जास्तीत जास्त सलग साठ दिवस, किंवा तुमच्या अधिकृत मुक्कामाची मुदत संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल ते. मोजणी नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. नोकरी कधी संपली हे सहसा ज्या शेवटच्या दिवसाच्या कामाचा पगार मिळाला त्यावरून ठरते. एकरकमी भरपाई हा कामाचा पगार नव्हे, त्यामुळे दहा आठवड्यांचे पैसे मिळाले म्हणून घड्याळ थांबत नाही. 7 फेब्रुवारी हा पहिला दिवस धरला तर साठावा दिवस 7 एप्रिलला येतो. पण तुमचा आय-94 त्याआधीच, 20 मार्चला संपतो. तीच तुमची शेवटची तारीख.

आय-797 वर 2027 लिहिलेले असताना असे का, हा तुमचा साहजिक प्रश्न असेल. 2024 ची मुदतवाढ मंजूर झाली तेव्हा आय-797 च्या तळाशी 2027 चा आय-94 जोडून आला होता. जूनमध्ये तुम्ही देशाबाहेर जाऊन परत आलात आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याने नवा आय-94 दिला. सर्वात शेवटी मिळालेलाच लागू होतो, जुना तिथेच संपला. पासपोर्टाच्या मुदतीपलीकडचा प्रवेश अधिकारी देत नाहीत, म्हणून तुम्हाला 20 मार्च मिळाली. ही अधिकाऱ्याची चूक नसल्याने विमानतळावरच्या दुरुस्ती कार्यालयात जाऊन तारीख वाढवून मिळेल अशी आशा धरू नका. नोकरी टिकली असती तर कंपनीने 20 मार्चच्या आत मुदतवाढीचा अर्ज करून हे निस्तरले असते. आता ते दार बंद आहे.

व्हिसाचा शिक्का आणि आय-94 यांची गल्लत फार जण करतात. शिक्का म्हणजे दारावर येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे ते आय-94 सांगतो. तरीही तुमच्या बाबतीत तो शिक्का हीच सर्वात मोलाची गोष्ट आहे आणि ती वाचवणे हे पहिले काम. आय-94 वरची तारीख उलटून एक दिवस जरी जास्त राहिलात, तरी कायद्याच्या कलम 222(जी) नुसार तो शिक्का आपोआप रद्द होतो. मग नवा शिक्का भारतात जाऊनच घ्यावा लागेल. सप्टेंबर 2025 च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनंतर याची किंमत फार वाढली आहे. देशाबाहेर असलेल्या आणि वैध एच-1बी शिक्का नसलेल्या माणसासाठी नव्या कंपनीने याचिका केली, तर तिला 1,00,000 डॉलर भरावे लागतात. एवढी रक्कम भरणारी कंपनी मिळणे अवघड. उलट शिक्का वैध राहिला, तर तो कंपनीशी बांधलेला नसतो. नव्या कंपनीचा आय-797 आणि जुना शिक्का दाखवून परत येता येते. पासपोर्ट नवा केलात तरी शिक्का असलेला जुना पासपोर्ट जपून ठेवा आणि प्रवासात दोन्ही बरोबर घ्या.

आता पर्याय पाहू.

सर्वात चांगला मार्ग म्हणजे नव्या कंपनीची एच-1बी याचिका 20 मार्चच्या आत दाखल होणे. सवलतीच्या मुदतीत ती पोहोचली तर दाखल झाल्या दिवसापासून तुम्ही नव्या ठिकाणी काम सुरू करू शकता. पहिल्या एच-1बीसाठी असते ती लॉटरी पुन्हा लागत नाही. देशात असताना केलेली मुदतवाढीची विनंती मंजूर झाली, तर एक लाखाचे शुल्कही लागत नाही. मात्र तारखा उलट्या मोजा. याचिकेआधी श्रम खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दल कंपनीने दिलेली हमी) मंजूर करून घ्यावी लागते आणि तिला कामकाजाचे सात दिवस लागतात. कंपनी पहिल्यांदाच एच-1बी करत असेल तर तिच्या कर क्रमांकाची पडताळणी आधी होते, त्यात आणखी दिवस जातात. एलसीए 9 मार्चच्या सोमवारी टाकली तर ती 18 मार्चच्या सुमारास हाती येईल, 19 ला कुरिअर पोहोचेल आणि हातात एक दिवस उरेल. एवढ्या कडेवर जाऊ नका. एलसीए 4 मार्चपर्यंत जायला हवी, म्हणजे लेखी ऑफर फेब्रुवारी संपताना हातात हवी. मुलाखतीच्या पहिल्याच फेरीत एचआरला 20 मार्च ही तारीख सांगा. ती लपवून वेळ वाया जातो आणि शेवटी ऑफरही हातची जाते.

टपालात टाकल्याची तारीख चालत नाही, यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या कार्यालयात पोहोचल्याचीच धरली जाते. शुल्क चुकले, सही राहिली किंवा फॉर्मची जुनी आवृत्ती वापरली तर पूर्ण पाकीट परत येते आणि मधली तारीख गेली ती गेलीच. म्हणून नव्या कंपनीच्या वकिलासाठी आजच एक संच तयार ठेवा: शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सगळे आय-797, आय-94 ची प्रत, आय-140 ची मंजुरी, पदवी आणि तिचे मूल्यांकन, नोकरी संपल्याची तारीख लिहिलेले कंपनीचे पत्र. प्रीमियम प्रोसेसिंग, म्हणजे जादा शुल्क भरून जलद तपासणी, घ्यायलाच सांगा. कामकाजाच्या पंधरा दिवसांत काहीतरी उत्तर येते. पासपोर्टाचे नूतनीकरणही याच आठवड्यात व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे टाका. पासपोर्ट देण्याआधी प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवा, कोरी पानेसुद्धा.

ऑफर आली नाही, तर आय-539 हा अर्ज भरून बी-2, म्हणजे पर्यटक दर्जा मागता येतो. ऑनलाइन 420 डॉलर आणि कागदावर 470. पत्नीचे नाव त्याच अर्जात येते. हा अर्जही 20 मार्चच्या आत पोहोचला पाहिजे. 10 मार्चपर्यंत भरून टाका. कारण खरे आणि तात्पुरते हवे: घराचा करार संपवणे, गाडी विकणे, मुलीचे शाळेचे वर्ष जूनमध्ये पूर्ण करून निघणे. मुलगी नागरिक असल्याने तिच्या शाळेला हरकत नाही. त्यासोबत परतीची ठरलेली तारीख, तोवरच्या खर्चाला पुरेल एवढी बँकेतली शिल्लक आणि पुण्यात घर आहे याचा कागद जोडा. ‘नोकरी शोधायची आहे’ एवढेच कारण देऊ नका. बी-2 वर नोकरी शोधणे आणि मुलाखती देणे यूएससीआयएसने 2023 मध्ये मान्य केले आहे, पण मुक्कामाचा हेतू तात्पुरता दिसलाच पाहिजे.

अर्ज वेळेत आणि खरा असेल तर तो प्रलंबित असताना बेकायदा मुक्काम मोजला जात नाही. पण त्या काळात काम करता येत नाही, भारतातल्या कंपनीचे लॅपटॉपवरचे कामसुद्धा नाही. नव्या ऑफरवर लगेच रुजू होण्याची सोयही राहत नाही, दर्जा बदलून एच-1बी मंजूर होईपर्यंत थांबावे लागते. मधला बी-2 नाकारला गेला, तर एच-1बीची मंजुरी देशात राहून मिळत नाही आणि तेव्हा एक लाखाच्या शुल्काचा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो. नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा मुक्काम सुरू होतो. शिवाय फेब्रुवारी 2025 च्या धोरणानुसार, नकारानंतर देशात राहण्याचा आधार उरला नसेल तर स्थलांतर न्यायालयाची नोटीस निघू शकते. त्यामुळे बी-2 मागितलात तर अर्जात लिहिलेल्या तारखेला, निकालाची वाट न पाहता निघा. प्रलंबित असतानाच गेलात तर शिक्क्याला धक्का लागण्याची शक्यता फार कमी.

तिसरा पर्याय म्हणजे 20 मार्चच्या आत सरळ परत जाणे. घरात हा शब्द कोणाला काढवत नसेल, हे मी समजू शकते. पण तुमच्या कागदपत्रांकडे पाहता हा हार मानण्याचा मार्ग अजिबात नाही. आय-140 मंजूर होऊन 180 दिवसांहून कितीतरी जास्त काळ लोटला आहे, त्यामुळे जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी केवळ त्या कारणाने तो रद्द होत नाही आणि ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख टिकते. नव्या कंपनीला लेबर सर्टिफिकेशन (ग्रीन कार्डासाठी लागणारे श्रम खात्याचे प्रमाणपत्र) आणि आय-140 नव्याने करावा लागेल, तारीख मात्र जुनीच लागेल. एच-1बीची सहा वर्षांची मर्यादा उलटली असली तरी रांगेत तुमचा नंबर येईपर्यंत या आय-140 वर तीन-तीन वर्षांची मंजुरी मिळू शकते. शिक्का 2027 पर्यंतचा आहेच. पुण्यात बसून अमेरिकेतल्या मुलाखती द्या, याचिका मंजूर झाली की या. एकच गोष्ट करू नका: मंजूर याचिका हाती नसताना केवळ शिक्का आहे म्हणून विमानात बसणे. मेक्सिको किंवा कॅनडात जाऊन नवा शिक्का घेण्याचा जुना मार्गही सप्टेंबर 2025 पासून जवळपास बंद झाला आहे.

‘कंपेलिंग सर्कमस्टन्सेस’ नावाचे एक वर्षाचे कामाचे परवानापत्र आय-140 असलेल्यांना मिळू शकते, असे कोणीतरी सांगेल. नुसती नोकरी जाणे त्याला पुरत नाही आणि ते वापरले की एच-1बीचा दर्जा सुटतो. तुम्ही त्या वाटेला जाऊ नये.

मुलीच्या नागरिकत्वाने तुमचा मुक्काम एका दिवसानेही वाढत नाही. ती 21 वर्षांची झाल्याशिवाय आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही. भारतात यायचे तर तिला ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे कार्ड) किंवा व्हिसा लागतो. अजून ओसीआय काढले नसेल तर आज अर्ज करा, त्याला आठवडे लागतात आणि ऐन वेळी संपूर्ण कुटुंब त्यासाठी अडकते. पत्नीच्या आय-94 वर कदाचित 2027 ची तारीख असेल, पण तिचा एच-4 तुमच्या दर्जावर उभा आहे. तिच्यासाठीही 20 मार्चच धरा.

आता कन्सल्टन्सीबद्दल. कृपया हे करू नका. काम नसताना पैसे देऊन पगारपावत्या तयार करून घेणे म्हणजे सरकारला खोटी कागदपत्रे देणे. एच-1बीच्या शुल्काचा आणि पगाराचा भार कंपनीनेच उचलायचा असतो. कर्मचाऱ्याकडून तो वसूल होतो तिथेच नियमभंग होतो. हे उघडकीस येते तेव्हा, आणि ते बरेचदा ग्रीन कार्डाच्या टप्प्यावर कर विवरणपत्रे आणि बँकेच्या नोंदी जुळवताना येते, फसवणुकीचा ठपका बसतो. त्याने अमेरिकेचा प्रवेश कायमचा बंद होतो. तारीख उलटून राहण्याची शिक्षासुद्धा इतकी कडक नाही: 180 दिवसांहून जास्त राहून गेलात तर तीन वर्षे, एक वर्ष किंवा त्याहून जास्त तर दहा वर्षे. इतकी वर्षे स्वच्छ ठेवलेली फाईल दोन महिन्यांच्या पेरोलसाठी डागाळू देऊ नका.

जुन्या कंपनीला एक ईमेल मात्र आजच लिहा. मंजूर मुदतीआधी नोकरीवरून काढले असेल, तर एच-1बी कर्मचाऱ्याच्या मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने देणे बंधनकारक आहे. कुटुंबाचा नाही, फक्त तुमचा. त्याच ईमेलमध्ये नोकरी संपल्याच्या तारखेचे पत्र, आय-140 च्या मंजुरीची प्रत, लेबर सर्टिफिकेशनमधले कामाचे वर्णन आणि त्या वर्णनाशी जुळणारे अनुभवाचे पत्र मागा. भरपाईच्या करारावर सही करण्याआधीच मागा. सहीनंतर उत्तरे उशिरा येतात, आणि अनुभवाच्या पत्रावर सही करू शकणारा तुमचा मॅनेजरही कदाचित त्याच विभागाबरोबर बाहेर पडलेला असेल. त्याचा खासगी ईमेल पत्ता आत्ताच घेऊन ठेवा.