कोरी राहणारी वही आणि पाच पायांचा बैल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पंधरा दिवसांचा प्रवास आहे, त्यात चार-पाच मोठी म्युझियम्स, आणि सोबतच्या दोघांना चित्रकलेचा गंध नाही. स्केचिंगसाठी नवी जाड वही घेतली आहे, पण मागच्या दोन्ही प्रवासांत पाच पानांपुढे गाडी सरकली नव्हती. तेव्हा कागद कुठला, रंग कुठले, आणि चारचौघांत काढायचं कसं?

कागद-रंगांवर भरपूर लिहून झालंय, म्हणून ते शेवटी ठेवतो. आधी ती पाच पानं. माझ्या कपाटात अशा अर्धवट वह्या सात-आठ तरी असतील, आणि गंमत म्हणजे सगळ्या उंची कागदाच्या. भरलेल्या वह्या मात्र साध्या, तळहाताएवढ्या. जाड, खरबरीत, पांढराशुभ्र कागद समोर आला की आपण बघायला नाही, चित्र करायला बसतो. मग चांगली जागा हवी, तासभर हवा, ऊन सरकायला नको. प्रवासात यातलं काहीच मिळत नाही. तिसऱ्या दिवशी एक पान बिघडतं आणि वही बॅगेच्या तळाशी जाते ती घरी आल्यावरच वर येते.

इंग्रज निसर्गचित्रकार टर्नरच्या वह्या लंडनच्या टेट संग्रहात आहेत, जवळपास तीनशे. त्याच्या रंगांवरून आपल्याला वाटतं की हा माणूस दिवसभर ओला ब्रश घेऊन हिंडत असेल. पण वह्या उघडल्या की पानंच्या पानं बारीक पेन्सिलीची: डोंगराची एक कड, होडीची शिडं, मनोऱ्याचे मजले, मध्येच एखाद्या रंगाचं नाव शब्दांत. 1819 साली नेपल्सला असताना रंगवायला बसण्याबद्दल त्याचा हिशोब साधा होता: एक रंगीत काम होईल तेवढ्या वेळात पेन्सिलीची पंधरा-सोळा होतात. फ्रेंच चित्रकार देलाक्रुआ 1832 मध्ये मोरोक्कोला गेला, त्याच्याही वह्यांत चित्राशेजारी अक्षरं दाटीवाटीने बसली आहेत, कुठली भिंत कुठल्या रंगाची, कापडावर सावली कशी पडली. त्या शिदोरीवर तो पुढे आयुष्यभर चित्रं करत राहिला. त्यामुळे पानावर लिहायला बिचकू नका. 'इथे हिरवा, पण मळका' एवढे तीन-चार शब्द अर्ध्या तासाच्या शेडिंगचं काम करतात.

आता म्युझियम. पॅरिसच्या लूव्रमध्ये इराकमधल्या खोर्साबादहून आणलेले, असिरियाचा राजा सार्गोन याच्या राजवाड्यातले पंखवाले मानवमुखी बैल आहेत, चार मीटरहून उंच. पहिल्यांदा गेलो तेव्हा कोपऱ्यातून तिरका कोन धरून एक काढायला घेतला. दाढीचे कुरळे झुपके झाले, पंखांचे थर झाले, पाय सुरू केले आणि कुठेतरी गाडं अडलं. पुढचे दोन जमिनीला टेकलेले, बाजूचे चालते, आणि जागा काही पुरेना. वाटलं, माप चुकलं. खोडलं, पुन्हा काढलं. पुन्हा तेच. शेवटी पेन्सिल बाजूला ठेवून बोटाने मोजले तर पाय पाच!

समोरून पाहणाऱ्याला दोन पायांवर ठाम उभा दिसावा आणि बाजूने पाहणाऱ्याला चार पायांनी चालताना, म्हणून शिल्पकाराने दोन्ही दृश्यांची सोय एकाच दगडात करून ठेवली आहे. पुढचा एक पाय दोन्हीकडे मोजला जातो, आणि कोपऱ्यात उभं राहिलं की पाचही एकदम दिसतात. फोटो मी आधीच काढले होते, चांगले चार-पाच. त्यांत पाचवा पाय होताच की. मला दिसला नव्हता, एवढंच.

लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमक्या याच गोष्टीचा प्रयोग केला होता, 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना म्युझियममध्ये फिरवलं, काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या, त्यांचे बारकावेही कमी. मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडतो: वस्तूचा एखादाच भाग जवळ घेऊन फोटो काढला असेल तर मात्र आठवणीत अशी घट दिसली नाही. म्हणजे खोट कॅमेऱ्यात नसावी. नजर एका जागी थांबली का, प्रश्न तिथे आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2015 मध्ये लोकांना कॅमेरा बाजूला ठेवून चित्र काढा असं सुचवलं आणि दारात वही-पेन्सिल दिली, ती याच जातीची कल्पना.

म्हणून माझं सांगणं एकच. वस्तू काढायला बसू नका, वस्तूला एक प्रश्न विचारा आणि त्याच्या उत्तरापुरतं काढा. उदाहरण देतो. ग्रीक पुतळ्यांच्या दालनात गेलात तर आधी एखादा कुरोस, म्हणजे सुरुवातीच्या काळातला तरुणाचा पुतळा, गाठा. ताठ उभा तरुण, डावा पाय पुढे, हात अंगालगत. प्रश्न असा: याचं वजन कुठे आहे? पेन्सिल डोळ्यांसमोर ओळंब्यासारखी उभी धरा आणि गळ्याखालच्या खळग्यातून सरळ खाली या. रेघ दोन्ही पायांच्या मध्ये पडते, कारण पाय पुढे असला तरी भार दोघांवर सारखाच आहे. मग नंतरच्या काळातला, एका पायावर रेललेला पुतळा शोधा. अथेन्सला गेलात तर अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममधला इसवी सनपूर्व 480च्या आसपासचा क्रिटिओस बॉय बघा, वजन एका पायावर नुकतंच सरकू लागलेलं दिसेल. ही ढब रुळल्यानंतरच्या पुतळ्यात तीच रेघ भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्याशी उतरते. त्या बाजूचा कटिभाग वर चढलेला, खांदा खाली कललेला. काढायचं काय, तर एक उभी रेघ, खांद्यांची एक तिरपी, कमरेची एक उलटी तिरपी, आणि बाह्यरेषा. दोन पुतळ्यांना मिळून दहा मिनिटं. चेहरा नको, बोटं नकोत. ग्रीक शिल्पाच्या शेदोनशे वर्षांत काय घडलं ते मला त्या दोन काडीपैलवानांनी जेवढं समजावलं तेवढं माहितीफलकांनी कधी समजावलं नाही.

रंगचित्रांसमोर प्रश्न वेगळा. तिथे नक्कल करत बसू नका, छापील प्रत घरी बघता येते. आगपेटीएवढी चौकट आखा आणि चित्र फक्त तीन छटांत बसवा: कोरा कागद, मधला करडा, गडद. डोळे अर्धवट मिटले की छटा आपोआप वेगळ्या होतात. सगळा उजेड कुठे साठवलाय हे पाच मिनिटांत कळतं. एका पानावर अशा सहा चौकटी मावतात, एका दालनाला एक पान पुरतं. दागिने, भांडी, शस्त्रं यांच्याकडे गेलात तर जोड शोधा: भांड्याचा कान कुठे चिकटवलाय, मूठ पात्याला कशी धरते. तेवढाच तुकडा मोठा करून काढा.

नियमांचं सांगतो, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. बहुतेक म्युझियम्समध्ये कायमच्या दालनांत पेन्सिल चालते. शाई, जलरंग, कोळसा, पेस्टल सहसा चालत नाहीत. शिंतोडा उडाला किंवा भुकटी पसरली तर वस्तूला धोका. बाहेरून उसन्या आणलेल्या वस्तूंच्या तात्पुरत्या प्रदर्शनांत कधी कधी पेन्सिलही बंद असते, आणि इझल, म्हणजे चित्राची घोडी, लावायची तर परवानगी लागतेच. मी एका ठिकाणी खिशातलं फाउंटन पेन काढलं, वाटलं एवढ्याशा निबला कोण विचारतंय. सुरक्षारक्षक बाई शांतपणे आल्या, पेनकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या खिशातला पेन्सिलीचा बोटभर तुकडा माझ्या हातात ठेवला. तो तुकडा आजही माझ्या डबीत आहे. तेव्हा निघण्याआधी त्या त्या म्युझियमच्या संकेतस्थळावर नियम वाचून जा, आणि दारात घडीचं स्टूल मिळतं का तेही विचारा. काही ठिकाणी देतात, फक्त कोणी विचारत नाही.

लोक बघतात त्याचं काय? बघतात. तीन सेकंद बघतात आणि पुढे जातात. पाठ भिंतीला किंवा खांबाला लावून उभे राहा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. लहान मुलं मात्र थांबतात आणि खरं बोलतात, त्याला इलाज नाही.

सोबतच्या दोघांशी आधीच बोलून घ्या. रोज एक दालन माझं, अर्धा तास, नंतर अमुक ठिकाणी भेटू. बाकी वेळ वही बंद. हे ठरलेलं नसलं की ते ताटकळतात, तुम्ही घाईत रेघा मारता, आणि संध्याकाळी सगळ्यांचीच तोंडं फुगलेली. ठरलेलं असलं की तो अर्धा तास चोरीचा वाटत नाही. इतर पानं रांगेत, फलाटावर, उशीर झालेल्या गाडीची वाट बघताना भरतात. झोपलेला सहप्रवासी हे जगातलं सर्वांत सहनशील मॉडेल.

आता सामान. ए-5 किंवा त्याहून लहान, शिवलेल्या बांधणीची वही, म्हणजे सपाट उघडते. कागद दीडशे ते दोनशे जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी), तो हलका वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हातही सोसतो. तीनशेची जाड वही घरी ठेवा, हे ऐकून वाईट वाटेल. एक यांत्रिक पेन्सिल, कारण दालनात टोक काढायला बसलं की साली पडतात. एक मऊ, काळी 4बी पेन्सिल गडदासाठी. खोडरबर नेऊच नका, असं माझं मत आहे. चुकलेली रेघ राहू दे, शेजारी दुसरी मारा. पेन्सिलीची पानं एकमेकांवर घासून काळवंडतात, म्हणून वहीला रुंद रबरबँड लावा आणि जास्त गडद पानावर पातळ कागद ठेवा. पेन्सिल पुसू नये म्हणून मारायचा फिक्सेटिव्हचा फवारा विमानात नेता येत नाही. फाउंटन पेन नेणार असाल तर उड्डाणाच्या वेळी टाकी पूर्ण भरलेली किंवा रिकामी ठेवा आणि निब वर. अर्धवट भरलेल्या टाकीतली हवा फुगते आणि शाई टोपणात उतरते. रंग हवेतच असतील तर सहा वड्यांची छोटी पेटी आणि पाणी भरायचा ब्रश पुरे, पण ते म्युझियमबाहेरच.

आणि पहिलं पान. त्यावर चित्र काढू नका. स्वतःचं नाव आणि ईमेल लिहा, रोज रात्री भरलेल्या पानांचे फोटो घ्या. माझी एक वही गाडीच्या सीटवर राहिली, अकरा दिवसांची, नाव न लिहिलेली.