हत्या, वध आणि मृत्युदंड

प्रश्न असा आहे: "गर्भपाताला 'भ्रूणहत्या' म्हणणारे फाशीला 'न्याय' म्हणतात. जीव दोन्हीकडे जातो. मग फाशीलाही 'हत्या' म्हणायचं, की तिथे 'वध' बरोबर?"

आधी 'भ्रूणहत्या' हा गर्भपाताचा समानार्थी शब्द म्हणून वापरणं थांबवा. बातम्या, भाषणं, शाळेतले निबंध, सगळीकडे तोच. 1971च्या कायद्यानं गर्भपात अटींवर वैध आहे: 2021च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मतानं 24 आठवड्यांपर्यंत मुभा आहे. वैध उपचाराला 'हत्या' म्हणत राहिलं की दवाखान्यात नुसती चौकशी करायलाही बाई कचरते. 'स्त्रीभ्रूणहत्या' वैद्यकाच्या अंगानंही टिकत नाही. फलनापासून आठ आठवडे भ्रूण, पुढे गर्भ. सोनोग्राफीत लिंग ओळखू येतं तोवर भ्रूणावस्था संपलेली असते. 'गर्भलिंगनिवड' म्हणा, म्हणजे गुन्हा नेमका कशात आहे ते कळेल.

आता 'हत्या'. पाणिनीचं सूत्र आहे 'हनस्त च' (3.1.108): हन् (मारणे) या धातूला क्यप् प्रत्यय लागतो आणि न्‌चा त् होतो. पण धातूच्या आधी नाम हवं, उपसर्ग चालत नाही. म्हणून ब्रह्महत्या, अश्वहत्या. नाम नसेल तर काशिकाकार, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवर 'काशिका' ही टीका लिहिणारे, 'घात' देतात, उपसर्ग असेल तर 'प्रघात'. म्हणजे पाणिनीकडे सुटी 'हत्या' नाहीच! कुणाची ते सांगितल्याखेरीज शब्द घडतच नाही. माझं ठाम मत असं की या शब्दातलं पाप हन् धातूतून आलेलं नाही, ते पुढच्या नामातून आलं: गो, ब्रह्म, बाल, आत्म. ज्याला हात लावायचा नाही त्याचं नाव आधी, मग 'हत्या'. ऋग्वेदातल्या 'वृत्रहत्य', 'दस्युहत्य' (वृत्राला, दस्यूंना मारणं) या गौरवाच्या शब्दांवर बोट ठेवून कुणी मला अडवील. ते रूप नपुंसकलिंगी आहे आणि पुढे मागे पडलं. स्त्रीलिंगी 'हत्या' धर्मशास्त्रातल्या महापातकांच्या यादीत जाऊन बसली.

खुद्द 'भ्रूणहत्या'च बघा. वासिष्ठ धर्मसूत्र सांगतं, 'ब्राह्मणं हत्वा भ्रूणहा भवत्यविज्ञातं च गर्भम्'. म्हणजे ब्राह्मणाला मारणारा भ्रूणहा, आणि लिंग न कळलेल्या गर्भाला मारणाराही. लिंग न कळलेलाच का? कारण तो पुरुष असू शकतो, असं तेच सूत्र पुढे सांगतं. प्रत्येक न जन्मलेला जीव आपल्या परंपरेत सारखाच मोलाचा होता, याचा पुरावा म्हणून हा शब्द पुढे करणाऱ्यांनी एवढं वाक्य तरी वाचावं.

'वध म्हणजे दुष्टाला मारणं' हे तर अनेक जाणकारही छातीठोकपणे सांगतात. आधार मनुस्मृतीचा: 'नाततायिवधे दोषः' (8.351), आततायी माणसाला मारण्यात दोष नाही. त्याच अध्यायात तीस श्लोक पुढे 'न ब्राह्मणवधाद् भूयानधर्मो विद्यते भुवि' (ब्राह्मणवधाहून मोठा अधर्म पृथ्वीवर नाही) आहे, तो कुणी वाचायचा? मनूला सगळ्यांत मोठ्या अधर्मासाठीही 'वध' चालतो. कीचकवधामुळे मराठी कानाला या शब्दात शौर्य ऐकू येतं, एवढंच. 'गांधीवध' म्हणणारे याच सवयीचा फायदा घेतात.

'फाशी' पाशातून आली, पनसाचा फणस झाला तशी. ते साधनाचं नाव. शिक्षेचं नाव मृत्युदंड किंवा देहदंड. 'न्यायालयानं देहान्त प्रायश्चित्त ठोठावलं' असं लिहू नका. दंड राजा करतो, प्रायश्चित्त पापी स्वतः घेतो, शास्त्री फक्त सांगतो. म्हणून राघोबादादांना ते सांगणारे रामशास्त्री होते.

तेव्हा वाद घालायचा तर एकीकडे 'गर्भपात', दुसरीकडे 'मृत्युदंड' असे शब्द घ्या. 'हत्या' आणि 'वध' घेतले की निकाल शब्दातच लागलेला असतो. दोन्ही प्रश्न समोरासमोर येतात ते एका कलमात. मृत्युदंड झालेली स्त्री गरोदर निघाली तर पूर्वी उच्च न्यायालयानं शिक्षा पुढे ढकलायची, हवं तर सौम्य करायची, अशी तरतूद होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 2008च्या दुरुस्तीनं ती शिक्षा जन्मठेपेत बदलणं बंधनकारक झालं. आता हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 456 आहे. सुसंगतीचा प्रश्न विचारणाऱ्यानं तिथून सुरुवात करावी: बाळंतपणापर्यंत थांबणं पुरेसं का वाटलं नाही?