लघवी करताना धडधड होते आणि लघवीच्या पिशवीत गाठ आहे, तर दुर्बिणीचं ऑपरेशन लगेच करावं का?

मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे, युरॉलॉजिस्ट नाही, पण असल्या केसमध्ये टेबलावर बीपी सांभाळायची वेळ आमच्यावरच येते म्हणून लिहितोय.

तुम्ही लिहिलंय की आईंना लघवी झाली की लगेच धडधडतं, दरदरून घाम फुटतो, डोकं ठणकतं, आणि कोथरूडला केलेल्या सोनोग्राफीत पिशवीच्या भिंतीत 2 सेंटिमीटरची गाठ दिसली. माझ्या मते परवा ठरलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना एकच विचारा, मेटानेफ्रिन (अॅड्रेनॅलिनसारख्या हार्मोनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासलं का?

पिशवीचे 10 पैकी 9 कॅन्सर आतल्या अस्तराचे असतात, तिथे दुर्बिणीतून खरवडून बायोप्सी हेच बरोबर. पण अगदी क्वचित ती गाठ पॅरागँग्लिओमा (मज्जातंतूंशी जोडलेल्या, हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) निघते, ती नॉरअॅड्रेनॅलिन हे बीपी वाढवणारं हार्मोन बनवते, लघवी करताना पिशवी आवळली की ते रक्तात सुटतं, म्हणून त्रास नेमका तेव्हाच. (बायकांना यावर 'टेन्शन घेऊ नका' सांगून घरी पाठवतात, फार चीड येते.) तयारी नसताना अशी गाठ कापली तर बीपी 200 च्या पार जाऊ शकतं, जिवावर बेततं.

टेस्ट साधी आहे, रक्ताची किंवा 24 तासांच्या लघवीची. रक्त देणार असाल तर आधी 20-30 मिनिटं आडवं पडायला लावतात, आणि सर्दीच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, डिप्रेशनची औषधं चालू असतील तर लॅबला आधीच सांगा, रिपोर्ट चुकू शकतो.

पॉझिटिव्ह आली तर एमआरआय, गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन (अशा गाठी अंगात कुठे आहेत ते दाखवणारा), मग ऑपरेशनआधी साधारण 7 ते 14 दिवस प्राझोसिनसारखं अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करून बीपी उतरवणारं औषध), सोबत मीठ-पाणी भरपूर. धडधडीसाठी कुणी नुसती प्रोप्रॅनोलॉल दिली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, कारण ती बीटा ब्लॉकर आहे, आणि अल्फा ब्लॉकरच्या आधी बीटा ब्लॉकर दिलं तर बीपी उलट चढतं. ऑपरेशनही वेगळं, गाठ स्नायूत असते म्हणून बहुतेकदा पिशवीचा तेवढा भाग काढून उरलेली शिवतात, आख्खी पिशवी सहसा जात नाही. नंतर एसडीएचबी वगैरे, या गाठींशी संबंधित जीन्सची टेस्ट करायला सांगतील, त्यात दोष निघाला तर तुम्हा भावंडांनीही तपासून घ्या, आणि आईंचा फॉलोअप कायमचा.

टेस्ट नॉर्मल आली तर मात्र दुर्बीण अजिबात लांबवू नका, गणपती झाल्यावर बघू असं तर नकोच.