रक्त काढण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. टेक्सासच्या सीमेवर, रिओ ग्रान्दे खोऱ्यात कामाला लागलीस, फार बरं वाटलं. येत्या महिन्यात मोफत पीएसए तपासणीचं, म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा संशय दाखवणाऱ्या रक्तचाचणीचं, मोठं शिबिर घ्यायचं म्हणतेस. माझं ऐकशील तर जरा थांब.

रक्त काढायला कितीसा वेळ लागतो! पण आकडा वाढलेला आला की युरोलॉजिस्ट, एमआरआय, बायोप्सी, आणि कर्करोग निघालाच तर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. तुझ्याकडे येणारा शेतमजूर हे पैसे कुठून आणणार? टेक्सासने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, विस्तार केलेला नाही. कागदपत्रं नसलेल्याला तर सरकारी विमा-बाजारातून पूर्ण हप्ता भरूनही विमा घेता येत नाही. वस्तीतल्या आरोग्य केंद्रात ऐपतीप्रमाणे फी घेऊन पीएसए करतात, पण बायोप्सीसाठी बाहेरच जावं लागतं. माणसाच्या हातात नुसता आकडा देऊन त्याला घरी पाठवणं मला क्रूर वाटतं. गरीब स्त्रियांच्या स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी 1990 पासून राष्ट्रीय कायदा आहे. 2000 च्या कायद्याने त्या स्त्रियांना मेडिकेडमधून उपचारांची वाटही मिळाली. प्रोस्टेटसाठी तसं काही नाही. कॅलिफोर्नियात ‘इम्पॅक्ट’ योजना विमा नसलेल्या पुरुषांवर मोफत उपचार करते, पण ती त्या राज्यापुरती. म्हणून आधी एखादा युरोलॉजिस्ट आणि एखादं रुग्णालय यांच्याकडून लेखी होकार मिळव.

तिथे कुणीतरी सांगेलच, ‘हे पुरुष लाजतात, म्हणून येत नाहीत.’ लगेच मान डोलवू नकोस. तासावर मजुरी मिळवणाऱ्याचा एक दिवस बुडाला की घरभाडं अडतं. केंद्र संध्याकाळी उघडं ठेव, मग बघ. वस्तीतल्या प्रोमोतोरांना, म्हणजे तिथल्याच आरोग्य-कार्यकर्त्या बायकांना, सोबत घे. घराघरातल्या बायका त्यांचं ऐकतात आणि नवऱ्याला घेऊन येतात. दुभाषा मात्र प्रशिक्षितच हवा. लघवी गळेल का, शरीरसंबंधांचं काय, हे कुठला बाप पोटच्या मुलीच्या तोंडून डॉक्टरांना विचारेल?

2018 पासूनची राष्ट्रीय शिफारस अशी, की 55 ते 69 वयाच्या पुरुषाने फायदे-तोटे समजून घेऊन स्वतः ठरवावं. योग्यच आहे. बरेच प्रोस्टेट कर्करोग सावकाश वाढतात, नुसतं लक्ष ठेवूनही भागतं. पण लक्ष ठेवायचं म्हणजे वर्षानुवर्षं पुन्हा रक्त, पुन्हा बायोप्सी. विमा नसलेल्याला तो पर्याय खरोखर उरतो का, हे त्याच्याशी बोलताना मोकळेपणाने मांड.

आणखी एक. नोंदवहीत नुसतं ‘हिस्पॅनिक’ (स्पॅनिश भाषिक मुळाचा) लिहू नकोस, मूळ देश-प्रांतही विचार. एकत्रित आकड्यांत या पुरुषांमधलं प्रोस्टेट कर्करोगाचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी दिसतं आणि सगळे निश्चिंत होतात. पण प्वेर्तो रिकन पुरुषांत या रोगाचे मृत्यू मेक्सिकन वंशाच्या पुरुषांपेक्षा जास्त आहेत. खुद्द प्वेर्तो रिकोत पुरुषांचे कर्करोगाने होणारे सर्वाधिक मृत्यू प्रोस्टेटचेच.

युरोलॉजिस्टशी बोलणं झालं की कळव. शिबिराची तारीख त्यानंतर ठरवू.

तुझे,
सर