कर्ब ०.३८ आला, एकरी किती ट्रॉल्या लागतील?

प्रश्न आधी पुन्हा मांडतो, मधल्या उत्तरांत तो हरवून गेलाय. मध्यम काळी दोन एकर जमीन, उसाचा खोडवा (पहिल्या तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेलं पीक) नुकताच तुटलाय, पुढे सोयाबीन आणि हरभरा घ्यायचा विचार. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत आलेला कार्बन, ०.३८ टक्के आला. दुकानदाराने ह्युमिकची बाटली पुढे केली, शेजारी म्हणतो शेणखत ओत. तुम्हाला तो आकडा वर्षात १ वर न्यायचाय आणि शेवटी विचारलंय, "काका, किती ट्रॉल्या?"

एकरी साधारण पन्नास. म्हणजे दोन एकराला शंभर. चेष्टा करत नाही, हिशेब बघा.

एक एकर रान, वरची १५ सेंटिमीटर माती. तिचं वजन आठ लाख किलोच्या आसपास भरतं. ०.३८ वरून १ म्हणजे ०.६२ टक्क्यांची भर, म्हणजे पाच हजार किलो निव्वळ कर्ब. आता एक ट्रॉली शेणखत तीन टन धरा. त्यात अर्धं पाणी. उरलेल्यातून माती, राख, वाळू वजा केली की कर्ब निघतो चारशे-साडेचारशे किलो. त्यातलाही तीन भाग पुढच्या काही वर्षांत जिवाणू खाऊन हवेत सोडतात, चौथा भाग मातीत मुरतो. शंभर किलो धरा. पाच हजार भागिले शंभर. आकडे ढोबळ आहेत. तुमच्या खतात मातीच जास्त असेल तर साठ ट्रॉल्या लागतील, चांगलं मुरलेलं असेल तर चाळीस. पण पाच ट्रॉल्यांत काम होईल असं कुणी सांगत असेल तर त्याने भागाकार केलेला नाही.

बाटलीलाही हेच माप लावा. ह्युमिक म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक लिग्नाइटसारख्या कोळशातून अल्कली वापरून काढलेलं असतं. एकरी एक किलो टाकलं आणि ते सगळंच्या सगळं कर्ब मानलं तरी आठ लाख किलो मातीत एक किलो. पांढऱ्या मुळ्या फुटायला त्याची मदत होते की नाही हा वाद वेगळा. रिपोर्टातला आकडा त्याने हलत नाही.

मुळात १ चा हट्ट सोडा. आपल्याकडच्या वर्गवारीत ०.५ च्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्यावर जास्त. तुम्ही आधी ०.५ गाठा, तेही पाच-सहा वर्षांत.

इतका वेळ का लागतो? कर्ब तिजोरीत ठेवल्यासारखा बसून राहत नाही, रोज खर्च होतो. ०.३८ म्हणजे तुमच्या एकरात आज तीन हजार किलो कर्ब आहे. आपल्या उन्हात वर्षाला दोन-तीन टक्के जरी गेला तरी साठ ते नव्वद किलो उडाला. म्हणजे धसकटं-मुळं हिशेबात धरली नाहीत तर वर्षाला एकरी एक ट्रॉली टाकून माणूस फक्त आहे तिथे उभा राहतो. ओल असेल तर तापमान १० अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात बार्लीचं एक शेत आहे. त्यातल्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत दिलं आणि नंतर कायमचं बंद केलं. शंभर वर्षांनी मोजलं तरी कधीच खत न दिलेल्या तुकड्यापेक्षा तिथे कर्ब जास्तच निघाला. ती थंड हवा आपल्याकडे नाही. पण जे एकदा मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटलं ते सहजी सुटत नाही, हे इथेही लागू आहे.

आता तो रोज खर्च होणारा भाग. त्याबद्दल हळहळू नका, पीक त्याच्यावरच जेवतं. मातीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतो. तीन हजार किलो कर्ब म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे किलो नत्र. त्यातला दोन-तीन टक्के वर्षाला मोकळा होतो, म्हणजे सहा-आठ किलो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र असतो. म्हणजे गोणीचा तिसरा हिस्सा माती फुकट देते, तोही एकदम न ओतता पीक वाढेल तसा. कर्ब दुप्पट झाला की हे देणंही साधारण दुप्पट.

वर एकाने लिहिलंय, "काळी जमीन आहे म्हणजे ह्यूमस भरपूर असणार." हा समज आमच्या वडिलांचाही होता. आपल्या बेसाल्टच्या जमिनीचा काळा रंग बराचसा टायटॅनियम-लोहाच्या खनिजांमुळे आणि चिकणमातीला लागलेल्या थोड्याशा सेंद्रिय लेपामुळे येतो. रंग बघून कर्ब सांगता येत नाही, तुमचाच रिपोर्ट त्याचा पुरावा. काळ्या मातीला अन्नद्रव्यं धरून ठेवायला तिची स्वतःची चिकणमाती तरी आहे. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचं तसं नाही. तिथली चिकणमाती फार कमी धरते, धरण्याचं बहुतेक काम कुजलेल्या पाल्यावरच पडतं. म्हणून तिकडे आंब्याच्या आळ्यातला पाचोळा गोळा करून जाळणारा माणूस दिसला की मला घाटावर उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, पेटवणाऱ्यापेक्षा जास्त राग येतो.

मघाशी म्हटलं ते मातीच्या कणांना "चिकटणं" डोळ्यांनी बघता येतं. परवा पुतण्याला दाखवलं. शेताच्या मधलं एक सुकं ढेकूळ आणि बांधावरच्या हरळीखालचं तसंच एक, दोन्ही लिंबाएवढी. काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेऊन त्यात अलगद सोडली. शेतातल्या ढेकळातून भराभर बुडबुडे आले आणि एक-दोन मिनिटांत त्याचा गाळ झाला, पाणी चहासारखं. बांधावरचं ढेकूळ अर्धा तास झाला तरी ढेकूळच होतं, वरचं पाणी नितळ. माती तीच, मध्ये अंतर तीस फूट. फरक एवढाच की बांधावर नांगर जात नाही आणि हरळीची मुळं बारा महिने जिवंत असतात. मुळांचा चिकट स्राव, बुरशीचे धागे, मेलेल्या जिवाणूंची शरीरं, या सगळ्यांनी ते कण एकमेकांना धरलेले असतात. पूर्वी ह्यूमस म्हणजे कुजून कुजून तयार झालेला एक खास काळा टिकाऊ पदार्थ असं शिकवायचे. अलीकडे शास्त्रज्ञांचा कल असा की मातीत टिकतो तो मुख्यतः जिवाणूंचाच अवशेष, चिकणमातीच्या आडोशाला बसलेला. आपल्या कामापुरतं यातून एवढं निघतं की जिवाणूंना खायला घालत राहायचं आणि ढेकळं विनाकारण फोडायची नाहीत. रोटाव्हेटर दर हंगामाला दोनदा फिरवून वर शेणखत विकत घेणं हे भोकाच्या बादलीत पाणी ओतणं आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातात जी सगुणा पद्धत आणली तिचा गाभाही हाच. गादीवाफे एकदा करायचे, पुन्हा नांगरट नाही, आधीच्या पिकाची मुळं जागेवरच कुजू द्यायची.

व्हॉट्सॲपवर फिरतं की कर्ब १ टक्का वाढला की एकरात लाख-दीड लाख लिटर पाणी जास्त साठतं. विसरा. जगभरची मोजमापं एकत्र केली तर १ टक्का कर्बामागे १० सेंटिमीटर मातीत पिकाला मिळणारं पाणी सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर वाढतं, भारी मातीत त्याहून कमी. एकरावर १ मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर. वरच्या १५ सेंटिमीटरच्या थरात सात-आठ हजार लिटर झाले, एवढंच. खरा फायदा वरच्या ग्लासात दिसला तो आहे. वळवाच्या पावसात गाळ न होणारी माती पाणी आत घेते, गाळ होणारी ते ओढ्याला देते.

आता तुमच्या रानात पडलेल्या मालाकडे येऊ. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. वाळलेल्या पाचटात चाळीस टक्के कर्ब, म्हणजे चौदाशे किलोच्या आसपास. त्यातला सातवा हिस्सा जरी मुरला तरी दोनशे किलो. दोन ट्रॉल्या शेणखताएवढा कर्ब तुमच्या शेतात आत्ता फुकट पडलेला आहे, शिवाय पंधरा-एक किलो नत्र. काडी लावली की नत्रासकट सगळं धुरात. राखेत पालाश (पोटॅश) उरतो, तेवढ्यासाठी पेटवायचं असेल तर बोलणं खुंटलं.

पण घाईही करू नका, मी केली होती. माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी पाचटाची कुट्टी केली, रोटाव्हेटरने मातीत मिसळली आणि आठ दिवसांत गहू पेरला. उगवण झकास. तिसऱ्या आठवड्यात सगळं रान पिवळं. मी आधी पाण्याला दोष दिला, मग बियाण्याला. कृषी सहायकाने मूठभर माती उकरून दाखवली, पाचटाच्या तुकड्यांवर पांढरी बुरशी जाळ्यासारखी पसरलेली. पाचटात शंभर भाग कर्बामागे जेमतेम एक भाग नत्र. ते खायला बसलेल्या जिवाणूंना नत्र कमी पडतो, मग ते मातीतला उचलतात आणि गहू उपाशी राहतो. नत्र कुठे जात नाही, जिवाणू मेले की परत मिळतो, पण गव्हाला तोवर थांबायला वेळ नसतो. त्या वर्षी निम्मं पीक आलं. पुढच्या वर्षी त्याच रानात कमी युरियावर मका जोरात आला, ते उधार दिलेलं परत आलं होतं.

म्हणून पाचटाच्या टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू कल्चर पसरायचं आणि ओल ठेवायची. सेंद्रियवाले युरियाच्या नावाने रागावतील, रागावू द्या. ज्यांना तो नकोच असेल त्यांनी शेणाची स्लरी वापरावी, पण मग मात्रा भरपूर लागते.

शेण कमी असणाऱ्यांसाठी नाडेप टाकी अजूनही सगळ्यात सोयीची. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते नाडेप. १० बाय ६ बाय ३ फुटांची, भिंतीत भोकं ठेवलेली विटांची टाकी. चौदा-पंधरा क्विंटल काडीकचऱ्याला शंभरेक किलो शेण पुरतं, बाकी चाळलेली माती आणि पाणी. साडेतीन-चार महिन्यांत खत. याच्याही आधी इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात थर रचून, ठरावीक दिवसांनी उलथून कुजवण्याची पद्धत बसवली होती, ती आज जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखतात. त्यातले वाड मात्र कुणाला आठवत नाहीत.

विकतच्या शेणखताबद्दल एकच सांगतो. ट्रॉली उतरवून घेण्याआधी मधलं खत हातात दाबून बघा. गरम लागलं, शेणाचा वास आला, काडी ओळखू आली तर ते अजून कच्चं आहे, सावलीत झाकून ठेवा. कच्चं तसंच शेतात गेलं की मुळं खाणारी हुमणी अळी आणि तणाचं बी सोबत येतं.

आणि रिपोर्टाचं. प्रयोगशाळेत कर्ब काढतात तो बहुधा १९३४ सालच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीने. त्यातलं पोटॅशियम डायक्रोमेट हे रसायन कर्बाचा सुमारे तीन-चतुर्थांश भागच जाळतं, बाकीचा गुणाकाराने धरतात. त्यात नमुना घेण्यातली चूक मिळवा. म्हणून ०.३८ चा ०.४५ झाला म्हणून पेढे वाटू नका. मी वाटलेत. पहिल्या वर्षी माझा कर्ब एकदम ०.९ आला होता, आणि नंतर लक्षात आलं की नमुन्यातला एक खड्डा जुन्या उकिरड्याच्या जागेवर पडला होता. आठ-दहा ठिकाणांहून, झाडाची सावली, बांध आणि खताच्या ढिगाची जागा सोडून, १५ सेंटिमीटरपर्यंतच घ्या. खत टाकायच्या आधी, दर वेळी त्याच महिन्यात. दोन-तीन वर्षांनी एकदा केलंत तरी चालेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. खोडवा तुटला म्हणता, पण पाचट रानात आहे की पेटवलं? असेल तर कुट्टी करून वर सांगितलेलं पसरा, एक पाणी द्या. मृगापर्यंत बरंच मऊ पडेल, आणि सोयाबीन आपला नत्र स्वतः बांधत असल्याने गव्हासारखी फजिती होणार नाही. पेटवलं असेल आणि विहिरीला पाणी असेल, तर एप्रिलच्या सुरुवातीला हिरवळीचं खत म्हणून ताग पेरा आणि ४०-४५ दिवसांत, फुलं धरायच्या आत गाडा. काय आहे ते कळवा, मग शेणखताच्या किती ट्रॉल्या घ्यायच्या त्यावर बोलू. माझ्या अंदाजाने वर्षाला एकरी दोनच्या वर जायची गरज नाही.